मेदोरोग, दुखरी टांच आणि शल्यतंत्र

डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्यामुळें जगास माहीत झालेलीं वारली चित्रें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. त्या चित्रांत मनुष्याचें धड म्हणजे दोन त्रिकोण. एकाचें टोंक खालीं, दुसऱ्याचें वर, आणि जेथें तीं दोन टोंकें मिळतात तेथें कंबर. या आकृतींत पोटास जागाच ठेवलेली नाहीं. ही केवळ रेखनाची सोय असेल; परंतु ज्या मुलखांत ही आकृति रूढ झाली, तेथें पोट सुटलेला मनुष्य नित्य दृष्टीस पडत नसे, एवढें निश्चित.

स्थूलतेच्या इतिहासावर बोलावयाचें, आणि आरंभ डहाणू-तलासरीच्या वारल्यांपासून करावयाचा, हें कोणास विचित्र वाटेल. माझें म्हणणें असें कीं, या रोगाचा इतिहास उपासमारीच्या इतिहासावांचून नीट वाचतांच येत नाहीं. मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग १८६४ सालीं पुरा झाला आणि डहाणूच्या जंगलांतील लांकूड व गवत शहराकडे वाहूं लागलें. तें तोडणारा, कापणारा आणि वाहणारा वारली मात्र सावकाराच्या वेठीस बांधला गेला. लग्नासाठीं काढलेल्या चार रुपयांपायीं नवराबायको दोघेंही जन्मभर राबत. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजीं त्या वेळच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी या गांवीं सुमारें पांच हजार वारली जमले आणि वेठ व लग्नगडीपणा यापुढें चालावयाचा नाहीं असें त्यांनीं ठरविलें. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत ती सारी हकीकत आहे. झरी हें गांव आज तलासरी तालुक्यांत मोडतें. १९६० च्या राज्यविभागणींत उंबरगांव गुजरातेंत गेलें आणि हा भाग महाराष्ट्रांत राहिला. या माणसांचें अन्न काय होतें, हें लक्षांत ठेवावें. कारण त्याच अन्नाची गांठ आपणांस पुढें एका अगदीं निराळ्या ठिकाणीं पडणार आहे. वरकस जमिनींत पिकणारी नागली, वरई, थोडा भात, आणि पावसाळ्यांत धान्य सरलें म्हणजे रानांतील कंद.

आतां वैद्यकाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एकविसावा अध्याय आहे, त्याचें नांवच 'अष्टौनिंदितीय'. शरीरामुळें निंदेस पात्र ठरणारीं आठ प्रकारचीं माणसें त्यांत सांगितलीं आहेत: अति उंच, अति ठेंगू, अति केसाळ, केस नसलेला, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश. पहिल्या सहांस वैद्य कांहींच करूं शकत नाहीं, म्हणून ग्रंथकार त्यांस सोडून देतो आणि उरलेल्या दोघांचा विचार करतो. निंदित हा शब्द आज आपल्या कानांस कठोर वाटतो. पण जो समाज लठ्ठपणास 'अंग धरणें' म्हणे, 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकानें पाही, त्या समाजांत लठ्ठपणा हा रोग आहे असें म्हणावयास वैद्यास थोडें धैर्यच लागलें असेल. लठ्ठ मनुष्याचें आयुष्य घटतें, हालचाल मंदावते, दुर्बलता येते, घामाचा त्रास होतो, भूक व तहान अतोनात वाढते, असे दोष चरकानें मोजले आहेत.

पचनासंबंधीं त्याची उपपत्ति मोठी मननीय आहे. मेदानें शरीरांतील मार्ग अडतात. म्हणून वायु कोठ्यांतच फिरत राहतो आणि जठराग्नि चेतवितो. त्यामुळें खाल्लेलें अन्न लवकर जिरतें आणि मनुष्य पुन्हां अन्न मागतो. वणवा जसा रानास, तसे हे अग्नि आणि वायु स्थूल देहास जाळतात. उपपत्तीचे शब्द आजच्या शास्त्राचे नाहींत, परंतु निरीक्षण खरें आहे: लठ्ठ मनुष्याची भूक ही निव्वळ हांव नव्हे, ती रोगाचेंच एक अंग आहे. अतिशय भूक लागणाऱ्यास 'कमी खा' एवढेंच सांगून भागत नाहीं, हेंही चरकानें ओळखलें होतें. म्हणून त्याचा उपाय असा कीं, पोटास जड वाटेल पण अंगास पुष्टि देणार नाहीं असें अन्न द्यावें. आणि तें अन्न कोणतें? श्यामाक, यव, कोद्रव, मूग, कुळीथ. श्यामाक म्हणजे सांवा, आपल्या वरईचा चुलत भाऊ. कोद्रव म्हणजे कोद्रा किंवा हरीक. नागली या यादींत नाहीं, पण जात तीच. वैद्य श्रीमंत रोग्यास गरिबाचें ताट लिहून देत होता! वारल्याच्या घरीं जें निरुपायानें शिजे, तेंच धनिकाच्या घरीं औषध म्हणून शिजावें अशी ही योजना.

आतां टांच. सुश्रुतानें निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत, वाताच्या रोगांत, पायाचे तीन विकार लागोपाठ सांगितले आहेत. पाऊल वेडेंवांकडें पडल्यानें घोट्याच्या ठायीं वायु कुपित होऊन जें दुखणें होतें तें वातकंटक. पाय आगीसारखे जळतात तो पाददाह. आणि पाय झिणझिणतात, बधिर होतात तो पादहर्ष. कंटक हा शब्द किती अचूक आहे तें ज्याची टांच दुखली आहे त्यास विचारावें. सकाळीं बिछान्यांतून उठून पहिलें पाऊल जमिनीवर टेकतांच कांटा रुतावा तशी कळ निघते. दहावीस पावलें चाललें कीं ती कांहींशी मावळते. आणि दिवसभर उभें राहिलें कीं सायंकाळीं पुन्हां येते. टांचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. पावलाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखी धरून ठेवतो. हाडास जेथें तो चिकटतो तेथें तो झिजून दुखूं लागतो. क्षकिरणांच्या चित्रांत तेथें कधीं हाडाचा लहानसा कांटा दिसतो, आणि रोगी त्या कांट्यासच दोष देतो. परंतु असा कांटा असूनही ज्यांस कांहींच दुखत नाहीं अशीं माणसें पुष्कळ आहेत.

वजनाचा येथें काय संबंध, हें साध्या हिशोबानें कळेल. दिवसांत पांच हजार पावलें चालणाऱ्याची प्रत्येक टांच अडीच हजार वेळां सबंध देहाचा भार झेलते. देहावर तीस किलो अधिक असले, तर त्या एका टांचेवर दिवसाकाठीं पंचाहत्तर हजार किलोंची जादा हमाली पडली. मात्र सारा दोष भाराचाच नव्हे. लठ्ठ माणसांत हातांच्या बोटांचे सांधेही अधिक दुखतात, आणि हातांवर तर कोणी चालत नाहीं! मेद हा निश्चल सांठा नसून तो दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत सोडीत असतो, हें अलीकडचें ज्ञान आहे. पायावरचें ओझें आणि रक्तांतील दाह, दोन्ही मिळून टांचेचें दुखणें चिघळतें.

या दुखण्याचें एक मोठें प्रामाणिक वर्णन इंग्रजींत आहे. लंडनमध्यें विल्यम बँटिंग नांवाचे प्रेतयात्रेची व्यवस्था करणारे एक प्रतिष्ठित व्यावसायिक होते. १८६३ सालीं त्यांनीं आपल्या लठ्ठपणावर एक लहानसें पत्रक स्वखर्चानें छापिलें. उंची पांच फूट पांच इंच, वजन २०२ पौंड. वांकून बुटाची नाडी बांधणें जमेना; आणि जिना उतरतांना घोट्यांना व गुडघ्यांना हिसका बसूं नये म्हणून ते उलटे, पाठमोरे, सावकाश उतरत. व्यायाम करावा तर भूक वाढे, खावें तर वजन वाढे. शेवटीं ऐकूं कमी येतें म्हणून ते विल्यम हार्वे नांवाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यानें पाव, साखर, बटाटे, बिअर हीं बंद केलीं, आणि वर्षभरांत सुमारें ४६ पौंड वजन उतरलें. पत्रकाच्या आवृत्तींवर आवृत्ती निघाल्या आणि बँटिंग या आडनांवाचें इंग्रजींत क्रियापदच होऊन बसलें. मला या गोष्टींत त्यांचा आहार तितका महत्त्वाचा वाटत नाहीं, जितका तो पाठमोरा जिना. पाय दुखतात म्हणून चालवत नाहीं, चालवत नाहीं म्हणून वजन वाढतें, वजन वाढतें म्हणून पाय दुखतात. आणि या फेऱ्यांत सांपडलेल्या माणसास भोंवतालचे लोक 'जरा चालत जा' असा फुकटचा उपदेश करीत असतात.

शस्त्रानें मेद काढावा ही कल्पना अगदीं नवी नाहीं. रोमचा प्लिनी लिहितो कीं, अप्रोनियस नांवाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाची चरबी कापून काढून त्याच्या अवजड देहाचा भार हलका केला होता. खरें किती, तें प्लिनीस ठाऊक. स्पेनमधील लिऑनचा राजा सांचो दहाव्या शतकांत इतका लठ्ठ झाला कीं घोड्यावर बसतां येईना, आणि त्याची गादी गेली. तेव्हां त्याच्या आजीनें त्यास कोर्दोव्हास नेलें, तेथील यहुदी वैद्य हसदाइ इब्न शप्रूत यानें त्याचें वजन उतरविलें, आणि राजा गादीवर परत आला. तेथें शस्त्र लागलें नाहीं. आपल्याकडे सुश्रुतास उदर चिरणें ठाऊक होतें. आंतड्यास छिद्र पडलें तर बेंबीखालीं डाव्या बाजूस पोट उघडून, आंतडें बाहेर घेऊन, छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांस चावावयास लावावें आणि मग त्यांचीं धडें तोडून डोकींच टांक्यांसारखीं राहूं द्यावीं, असा विधि त्यानें दिला आहे. पण मेदोरोगासाठीं शस्त्र धरावें असें तो कोठेंच सांगत नाहीं. तेथें त्याचीं औषधें म्हणजे शिलाजित, गुग्गुळ, त्रिफळा, मध आणि पुन्हां तेंच हलकें धान्य.

१८४६ मध्यें भूल देण्याची युक्ति सिद्ध झाली, पुढें वीस वर्षांनीं लिस्टरनें जखम जंतूंपासून राखण्याची रीत घालून दिली, आणि पोट उघडणें ही रोजची गोष्ट झाली. तरी लठ्ठपणासाठीं आंतड्यावर शस्त्र चालविण्यास १९५४ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंतील क्रेमेन, लिनर व त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नास आडवाट काढून देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढें ही रीत पुष्कळ चालली. सुमारें वीस फूट आंतड्यापैकीं अन्नाच्या मार्गांत अवघें अठरा इंच ठेवीत. वजन उतरे, यांत शंका नाहीं. परंतु अन्नाचा अंश शरीरास लागेना, जुलाब थांबेनात, मूत्रपिंडांत खडे होत, कित्येकांचें यकृत निकामी झालें. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणजे, वगळलेल्या आंतड्यांत जंतु माजून सांध्यांस सूज येई. सांधे व पाय हलके व्हावे म्हणून जी शस्त्रक्रिया करून घ्यावी, तिनेंच सांधे दुखूं लागावे! ती रीत शेवटीं सोडून द्यावी लागली. शल्यतंत्राच्या इतिहासांत अशीं पानें पुष्कळ आहेत, आणि तीं झांकून ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं.

दुसरी वाट आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनीं काढली. पोटांतील व्रणासाठीं ज्यांच्या जठराचा भाग कापला होता, तीं माणसें रोड होतात आणि पुन्हां लठ्ठ होत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९६६ पासून त्यांनीं वरच्या बाजूस जठराची लहानशी थैली करून ती आंतड्यास जोडण्यास आरंभ केला. आजची जठराच्या आडवाटेची शस्त्रक्रिया हिचीच वंशज आहे. पुढें आणखी एक सोपी रीत आली: जठर उभें कापून त्याचा सुमारें तीनचतुर्थांश भाग काढून टाकावयाचा आणि केळीएवढी नळी शिल्लक ठेवावयाची. १९९९ मध्यें जपानी संशोधकांना जठरांत उत्पन्न होणारें भुकेचें एक संप्रेरक सांपडलें. तें विशेषेंकरून जठराच्या त्या काढून टाकलेल्या भागांतच तयार होतें, म्हणजे कापलेल्या जठराबरोबर भुकेचाही कांहीं अंश जातो. चरकाचा तो चेतलेला अग्नि येथें निराळ्या नांवानें भेटतो.

हें सारें आपल्या मुंबईपर्यंत कसें आलें, यांत एक नांव घेतलें पाहिजे. डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनीं १९९० मध्यें जे. जे. रुग्णालयांत, पोट न उघडतां, लहान छिद्रांतून दुर्बीण घालून पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. आडनांव उदवाड्याचें; आणि उदवाडा हें डहाणूहून त्याच लोहमार्गावर, वापीच्या पलीकडचें स्थानक. पारशांचा पवित्र अग्नि तेथें नेण्यापूर्वीं, संजाण पडल्यावर, घोलवडजवळच्या बारडाच्या डोंगरांतील बाहरोटच्या गुहांत बारा वर्षें लपवून ठेवला होता अशी परंपरा आहे. हें थोडें विषयांतर झालें. सांगावयाचें तें एवढेंच कीं, लठ्ठ माणसाचें पोट उघडणें फार धोक्याचें असे. जखम चिघळे, टांके सुटत. दुर्बिणीच्या रीतीनें तो धोका पुष्कळ कमी झाला, आणि म्हणूनच या शस्त्रक्रिया सर्वत्र पसरल्या. २०१७ च्या मार्चमध्यें मुंबईच्या सैफी रुग्णालयांत सुमारें ५०० किलो वजनाच्या एका परदेशी स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिचा तमाशाच मांडला. तिचें वजन पुष्कळ उतरलें, पण त्याच वर्षीं सप्टेंबरांत ती अबू धाबी येथें वारली. वजन हाच तिचा एकमेव रोग नव्हता, हें त्या गडबडींत फारसें कोणी ऐकून घेतलें नाहीं.

आतां मुख्य प्रश्न: या शस्त्रक्रियेनें पाय बरे होतात काय आणि पोटाचें काय होतें? वजन उतरलें कीं टांचेचें व पावलांचें दुखणें बहुतेकांचें कमी होतें. सर्वांचें मुळींच नाहींसें होतें असें नाहीं. पोटाचा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. लठ्ठपणांत पोटाच्या दाबानें आम्ल वर घशाशीं येतें, पित्ताशयांत खडे होतात, यकृतांत चरबी सांठते. यकृत शस्त्रक्रियेनंतर सहसा सुधारतें. आम्लाचें मात्र शस्त्रक्रियेवर अवलंबून आहे: आडवाटेनें जळजळ बहुधा थांबते, तर जठराची नळी केल्यानें कित्येकांस ती नव्यानें लागते. म्हणून ज्यास आधींच घशाशीं येतें त्यानें तें शल्यवैद्यास पहिल्याच भेटींत सांगावें. पित्ताचे खडे तर वजन झपाट्यानें उतरतांना उलट वाढतात. त्यासाठीं कांहीं महिने औषध देतात. आडवाटेनंतर श्रीखंडासारखें गोड खाल्लें तर घाम सुटतो, छाती धडधडते, गरगरतें.

परंतु पाय आणि पोट यांची खरी गांठ दोन ठिकाणीं पडते, आणि तीं दोन्ही घराघरांतून माहीत असावीं असें मला वाटतें. पहिली गांठ वेदनाशामक गोळ्यांची. टांच दुखते म्हणून माणूस वर्षानुवर्षें दुकानांतून गोळ्या आणून खातो. त्या गोळ्यांनीं जठराचें अस्तर धड असतांनाही सोलतें. मग आडवाटेच्या शस्त्रक्रियेनंतर, थैली व आंतडें यांच्या सांध्यावर, त्यांनीं व्रण पडतो आणि तो फुटूं शकतो. शस्त्रक्रिया झालेल्या माणसानें पाय दुखला तरी जुनी गोळी शोधूं नये. डॉक्टरांस विचारून दुसरें औषध घ्यावें. दुसरी गांठ जीवनसत्त्वांची. जठर लहान झालें, आंतड्याचा आरंभीचा भाग वगळला, म्हणजे लोह, ब-१२ आणि ब-१ हीं पुरेशीं मिळत नाहींत. ब-१ च्या अभावीं, विशेषतः वांत्या होत राहिल्यास, कांहीं आठवड्यांतच मज्जातंतु बिघडतात: पाय जळतात, झिणझिणतात, बधिर होतात. म्हणजे सुश्रुताचे पाददाह आणि पादहर्ष! टांचेचा वातकंटक गेला आणि त्याच्या जागीं हे दोघे आले, असें होऊं शकतें. हाच तो बेरीबेरी, ज्याचें मूळ गेल्या शतकापूर्वीं जावा बेटांत डच वैद्य आइकमन यानें सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत शोधिलें आणि ज्याबद्दल त्यास १९२९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां तो गिरणीच्या तांदळानें होई. आतां तो शस्त्रक्रियेनंतर गोळ्या चुकविल्यानें होतो. त्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर चालवावयाची असते. शस्त्रक्रियेचा खर्च सांगतांना हा जन्मभराचा खर्च फारसा कोणी सांगत नाहीं.

आणि येथें मी पुन्हां डहाणू-तलासरीकडे येतों. उपाशी मुलखास लठ्ठपणाच्या रोगांची भीति नाहीं, अशी आपली समजूत आहे. ती पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं खोटी ठरविली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनीं गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात मुलाचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या मुलाचें सुमारें ३.५ किलो. आपलें मूल हाडानें व मांसानें बारीक. पण मेद त्या मानानें घटलेला नाहीं. कृश देहांत दडलेला मेद! चरकानें अति कृश व अति लठ्ठ अशीं दोन निराळीं माणसें कल्पिलीं होतीं. याज्ञिकांनीं तीं दोन्ही एकाच पाळण्यांत दाखविलीं. आईच्या पोटांत ज्यानें उपास काढला, त्याचें वजन पुढें थोडें जरी वाढलें तरी मधुमेहाचा धोका मोठा. आणि मधुमेह प्रथम जेथें जाणवतो त्यांत पाय हे एक ठिकाण आहे.

२०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाते. तिच्यांतून सकाळीं उतरणारा व चढणारा मनुष्य आतां रानांत गवत कापीत नाहीं. तो कारखान्यांत उभा राहतो किंवा कचेरींत बसतो, आणि स्थानकाबाहेर वडापाव खातो. त्याच वेळीं मुंबईच्या मोठ्या दुकानांत नागलीचें पीठ आणि वरई सुबक पाकिटांतून, आरोग्याचें अन्न म्हणून, तांदळाहून अधिक भावानें विकली जाते. तलासरीच्या वरकस जमिनींत ती पिकविणाऱ्या घरीं आतां बहुधा शिधापत्रिकेवरचा तांदूळ शिजतो.

ज्या श्रोत्यांची टांच आज सकाळीं दुखली असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. बिछान्यांतून उठण्यापूर्वीं पाऊल हातांनीं आपल्याकडे ओढून तळव्याचा पट्टा दहावेळां ताणावा. फरशीवर अनवाणी उभें राहूं नये, मऊ टांचेची पायताणें घरांतही घालावीं. भिंतीस हात टेकून पोटऱ्या ताणाव्या. बहुतेकांस कांहीं महिन्यांत, शस्त्रावांचून आणि गोळीवांचून, उतार पडतो. पाय सुन्न होत असतील, किंवा टांचेबरोबर वजनही झपाट्यानें उतरत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवूं नये.